कथेचं व्हाऊचर

मार्च एंडिंग संपलं एकदाचं. कारखान्याची टॅली बंद झाली, स्टॉक जुळला (जुळवला म्हणा हवं तर), फायली सीएकडं गेल्या आणि मग दरवर्षीसारखी मी माझी स्वतःची वही काढली. नवी पेठेतनं घेतलेली, दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, वर लिहिलंय "लेखन खाते". डावीकडं जमा, उजवीकडं नावे. बायको दरवर्षी हसते, म्हणते दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, खतावणी तेवढी आहे.

ह्या वर्षीचा हिशोब आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचायचं का नाही ते तुमचं तुम्ही बघा. जमा बाजूला दोन दिवाळी अंकांचं मानधन, एक १५०० आणि एक १०००. पुस्तकाची रॉयल्टी ८७५, म्हणजे वर्षभरात ३५ प्रती गेल्या. एका कॉलेजात कथाकथन केलं त्याचे १०००, शिवाय शाल आणि नारळ. नारळाची चटणी झाली, शाल कपाटात आधीच्या सहा शालींवर जाऊन बसली. एकूण जमा ४३७५. नावे बाजूला प्रिंटआऊट, कुरिअर, पुण्याच्या दोन खेपा, विकत घेतलेले अंक आणि पुस्तकं धरून ५१२०. तोटा ७४५ रुपये. गेल्या वर्षी तोटा अकराशेचा होता, म्हणजे प्रगती आहे.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंटंट आहे, बावीस वर्षं झाली. कथा लिहायला लागून एकोणीस. लोकांना वाटतं ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, दिवसभर आकडे आणि पहाटे कथा म्हणजे बिचाऱ्याचं डबल आयुष्य वगैरे. तसं काही नाही. उलट मला कथा लिहायला जे काय थोडंफार जमलं ते ऑडिटमुळं जमलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

ऑडिटर येतो तेव्हा तो मोठं काही विचारत नाही. बोट ठेवतो एका एंट्रीवर आणि म्हणतो, ह्याचं व्हाऊचर? म्हणजे पावती, कागदी पुरावा. बास. तुम्ही कितीही हुशार असा, इंग्रजी फाडा, चहा-भजी मागवा, व्हाऊचर नसलं की एंट्री उडाली.

माझ्या पहिल्या कथेचं ऑडिट आमच्या वडलांनी केलं. वडील आधी मिलमध्ये होते, मिल बंद पडल्यावर पावरलूमवर, सगळी मिळून चौतीस वर्षं माग चालवला. कथा अर्थातच माग कामगाराची होती, आणि पहिल्याच परिच्छेदात मी लिहिलं होतं की यंत्रमागांचा लयबद्ध खडखडाट त्याच्या कानात एखाद्या संगीतासारखा घुमत होता. मला ते वाक्य फार आवडलं होतं, चार वेळा मोठ्यानं वाचलं होतं. वडलांनी चष्मा नाकावर घेतला, बोटानं ओळ धरली आणि म्हणाले, "कोण म्हणतंय रं संगीत?"

मी म्हणलं तसं वाटतं ना, लय असते एक.

"लय कसली डोंबलाची. पाळी सुटल्यावर अर्धा तास काय ऐकू येत नाही. म्हणून तर आम्ही सगळे घरात वरडून बोलतो. तुझी आई मला आयुष्यभर म्हणत आली, हळू बोला, शेजारी ऐकतेत."

आणि परत पेपर वाचायला लागले.

मी तिथंच बसून राहिलो. चौतीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर वरडून बोलतोय, आमच्या सगळ्या चाळीतले बाप वरडून बोलायचे, आणि मला वाटायचं गरिबांच्या घरात आवाज मोठाच असतो. कारखान्यात तर ते बोलतच नाहीत, ओठ बघून कळतं एकमेकांचं, नाहीतर हातानं खूण. हे मला दिसत होतं रोज, पण मी लिहायला बसलो की कुठंतरी वाचलेलं संगीत लिहीत होतो. संगीताला व्हाऊचर नव्हतं. वरडण्याला होतं.

ते वाक्य उडवलं. मग अख्खी कथाच बदलली, कारण आता माझ्याकडं असा माणूस आला की ज्याला हळू बोलताच येत नाही. त्याला रात्री बायकोला सांगायचंय की नोकरी गेली, आणि पोरं जागी होतील, शेजारी ऐकतील म्हणून तो सांगूच शकत नाही, तीन रात्री नुसता पडून राहतो. शेवटी तिला घेऊन सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर जातो आणि तिथं सांगतो, तर बाकड्यावरची दोन म्हातारी माणसं वळून बघतात. एवढीच कथा. दिवाळी अंकात छापून आली. त्याआधी तीन ठिकाणांहून "साभार परत" झाली होती, पण ती संगीतवाली, त्यामुळं त्यांचं काही चुकलं असं आता म्हणवत नाही.

मध्यंतरी एका भाच्यानं एआयला सांगून बघितलं, सोलापूरच्या माग कामगारावर कथा लिही म्हणून. दुसऱ्याच ओळीत संगीत होतं. मला एकदम माझा जुना मीच भेटल्यासारखं झालं.

आणि हो, सोलापूरचा लेखक म्हणलं की "आयुष्याचे उभे आडवे धागे" हे पण आलंच. मीही वापरलंय एकदा. चादरीच्या गावात राहतो म्हणून आयुष्याची चादर विणायलाच पाहिजे असं काही नाही. धागा तुटतो तेव्हा माग थांबतो, माणूस शिव्या देतो, गाठ मारतो, पुढं चालू. त्यात तत्त्वज्ञान नसतं, पीसरेटचं, म्हणजे नगावर मिळणाऱ्या मजुरीचं नुकसान असतं.

आता भाषेचं. आमच्या गल्लीत सकाळी सात ते आठ एवढ्या वेळात चार भाषा कानावर पडतात. शेजारच्या घरात तेलुगू, भाजीवाली कन्नडमध्ये भाव सांगणार, दूधवाला दखनी, आणि पोरं शाळेच्या रिक्षात मराठी. एकच बाई चारी भाषेत भांडू शकते, मी बघितलंय. हे कागदावर आणायचं कसं हा माझा एकोणीस वर्षांचा प्रॉब्लेम आहे आणि अजून सुटलेला नाही. सुरुवातीला मी तेलुगू वाक्य टाकायचो आणि खाली अर्थ द्यायचो, ते वाचताना सरकारी फॉर्मसारखं वाटायचं. आता मी एकच करतो, तेलुगू बोलणारी बाई मराठी बोलते तेव्हा वाक्य कुठं वळवते ते बघतो, ती चूक तशीच ठेवतो, आणि अर्थ सांगत बसत नाही. वाचणाऱ्याला कळतं. नाही कळलं तर शेजारच्याला विचारेल.

पण संपादकाला कळत नाही कधीकधी. एका अंकानं माझ्या कथेतले सगळे "बे" काढून "रे" केले होते. सगळे! "काय बे, जेवला का" चं "काय रे, जेवलास का" झालं. आमच्याकडं बे म्हणजे दोस्तीची पावती आहे, रे म्हणणारा माणूस एकतर पाव्हणा नाहीतर मास्तर. दोन जिवलग मित्र सात रस्ता चौकात उभे राहून एकमेकांशी पुण्यातनं आल्यासारखे बोलत होते. मी फोन केला तर संपादक म्हणाले, अहो प्रमाणभाषेचा विचार करावा लागतो, वाचक बुचकळ्यात पडतो. आता मी कथेबरोबर एक चिठ्ठीच जोडतो की संवादातलं व्याकरण मुद्दाम तसं आहे, कृपया सुधारू नये. चिठ्ठी मात्र एकदम प्रमाण भाषेत लिहितो.

ह्या बाबतीत आमच्या गावात मोठं उदाहरण होतं. मारुती चितमपल्ली. सोलापुरात जन्म, घरात तेलुगू, नोकरी वनखात्यात, आणि लिहिलं मराठीत. २००६ साली सोलापुरात ७९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं तेव्हा तेच अध्यक्ष होते. मी तेव्हा लिहीत नव्हतो, नुसता गर्दीत उभा होतो, पुस्तकांच्या स्टॉलवर हिंडलो, वर्षभरानं लिहायला लागलो. कावळ्यांच्या वसाहतीला "काकागार" म्हणायचं हा त्यांचा शब्द. ते गोड वाटलं म्हणून घडवलेलं नाही, आयुष्य जंगलात काढलेल्या माणसाला त्या गोष्टीला नाव पाहिजे होतं म्हणून आलं. २०२५च्या जूनमध्ये ते सोलापुरातच गेले. माझ्यासारख्याला त्यांच्याकडनं एवढंच घेता आलं की शब्द डिक्शनरीत शोधायच्या आधी ज्याचं ते काम आहे त्या माणसाला विचारायचा.

आता धंद्याचं. इथं जरा दम खाऊन वाचा.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथनं ही दिवाळी अंकांची रीत सुरू झाली असं मानतात, आणि माझ्यासारख्या लेखकाचं अख्खं वर्ष अजून त्याच्यावर चालतं. म्हणजे बघा, दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, अंकाची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू, म्हणून कथा जूनजुलैपर्यंत द्यायची, म्हणून लिहायची एप्रिल-मे मध्ये. सोलापूरचा एप्रिल-मे! दुपारी बेचाळीस-त्रेचाळीसला पारा, दार उघडलं की तव्यावर पाणी टाकल्यासारखं तोंडावर येतं, आणि मी पहाटे साडेपाचला उठून गड्ड्याच्या जत्रेतली जानेवारीची थंडी लिहितोय. नळाला पाणी यायची पाळी असेल तर ते पण नाही, कारण पाणी रोज येत नाही, येईल तेव्हा आधी पिंप भरायचे, कथा नंतर.

एका कथेला किती वेळ लागतो ते मी एकदा मुद्दाम मोजलं, कारखान्यात लेबर कॉस्टिंग करतो तसं. साडेतीन हजार शब्दांची कथा, पाच खर्डे, ९० तास. मानधन १५००. तासाला सोळा रुपये सदुसष्ट पैसे. हे मी बायकोला दाखवलं नाही.

आणि तेही पंधराशे मागावे लागतात. हे कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. कथा मागताना फोन येतो, दिवाळीनंतर फोन येत नाही. आधी मी लाजायचो, साहित्यात पैशाचं काय बोलायचं. मग माझ्याच लक्षात आलं की कारखान्यात मी पार्टीला ४५ दिवसांनी रिमाइंडर पाठवतो आणि त्यात मला काडीची लाज वाटत नाही. आता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना नम्र मेसेज, बँक डिटेल्ससकट. निम्मे देतात. उरलेल्यांचं नाव वहीत "येणे" म्हणून राहतं, एक येणं २०१४ पासूनचं आहे.

पुस्तकाची गोष्ट वेगळी. २०१६ला कथासंग्रह आला. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस पकडली, पुण्याला उतरलो, अप्पा बळवंत चौकातल्या गर्दीतनं प्रकाशकाच्या हापिसात गेलो, तर त्यांनी सगळ्यात आधी विचारलं पानं किती. मी म्हणलं १४८. ते म्हणाले चार काढा. का? तर फर्मा (एका मोठ्या कागदावर एकदम छापायची पानं) सोळा पानांचा, नऊ फर्मे म्हणजे १४४, चार पानांसाठी दहावा फर्मा चढवणार नाही. मला राग आला, वाटलं साहित्य हाय का टॉवेल, ठरल्या रुंदीच्या पन्ह्यात बसवायला. संध्याकाळच्या गाडीत परत येताना दौंडपर्यंत चिडचिड केली आणि कुर्डुवाडी येईपर्यंत चार पानं सापडली. तीन कथांच्या शेवटी मी समजावून सांगत बसलो होतो, आता त्याला काय वाटलं, आभाळ कसं दिसलं, आयुष्य कसं असतं. सगळं गेलं. कथा आधी जिथं थांबली होती तिथंच थांबली. आजपर्यंत मला मिळालेला सगळ्यात चांगला संपादकीय सल्ला हा कागदाच्या भावामुळं मिळालाय.

पण त्याच दिवशी मी एक गाढवपणा केला. करार एक पानाचा होता, "सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील" अशी एक ओळ, खाली सही. रोज दुसऱ्यांची ॲग्रीमेंटं वाचणारा मी, स्वतःचा कागद पुस्तकाच्या आनंदात न वाचता सही करून आलो. २०२३ला एका ऑडिओवाल्यांचा फोन आला, दोन कथा घ्यायच्यात. मी प्रकाशकांना कळवलं तर ते म्हणाले हक्क आमच्याकडे आहेत, आमच्याशी बोलायला सांगा. मी आठ दिवस झोपलो नाही. मग कोर्टातल्या एका वकील मित्रानं तो कागद बघितला आणि विचारलं, ह्याच्यात मुदत कुठाय? नव्हतीच. तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ असं सांगतं की हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पाच वर्षं कधीच होऊन गेली होती, म्हणजे हक्क माझ्याकडं परत येऊन पडले होते आणि मला पत्ताच नव्हता. तसं पत्र लिहिलं, फार वाद झाला नाही, राहिलेल्या प्रती ते अजून विकतात आणि रॉयल्टी पण वेळेवर देतात, माणूस वाईट नाही. दोन कथांचे १२,००० आले, ती माझ्या वहीतली आजवरची सगळ्यात मोठी जमा आहे.

म्हणून नवीन लिहिणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो, बाबांनो करारात मुदत, कुठले कुठले हक्क (छापील, ऑडिओ, ई-बुक, भाषांतर, सिनेमा हे वेगवेगळे असतात), रॉयल्टी छापील किमतीवर का विक्रीच्या किमतीवर, आणि हिशोब वर्षातनं कधी देणार, एवढं बघा. लेखक गेल्यावरही साठ वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे तुमच्या नातवंडांचा पण विषय आहे. आणि कुणी "पुस्तक काढून देतो, साठ हजार भरा" म्हणाला तर आधी बाहेर येऊन चहा प्या. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढणं हा गुन्हा नाही, पण त्यातल्या एका पाव्हण्यानं मला कोटेशनमध्ये आयएसबीएन नंबरचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे पाच हजार लावले होते. तो नंबर दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडनं फुकट मिळतो! पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पण असते, ती आधी बघा की.

आयकरवाले पण लेखकावर मेहरबान आहेत बरं का. १९६१च्या कायद्यात (एप्रिल २०२६पासून त्याच्या जागी नवा कायदा आलाय) ८०क्यूक्यूबी म्हणून कलम होतं, साहित्यिक पुस्तकाच्या रॉयल्टीवर तीन लाखांपर्यंत वजावट, जुन्या पद्धतीनं रिटर्न भरलं तर. तीन लाख! माझ्या ८७५च्या हिशोबानं तिथं पोचायला ३४३ वर्षं लागतील. आमच्या सीएला मी हे सांगितलं तर तो इतका हसला की त्याच्या चष्म्यावर चहा उडाला.

असो. आत्ता एप्रिल चालू आहे, म्हणजे कथा चालू आहे. ह्या वेळी विडी कामगार बाई घेतलीय. पहिला खर्डा मागच्या रविवारी झाला. त्यात एक जागा मला लै भारी वाटत होती, नायिकेचं नवऱ्याशी भांडण झालंय, दुपारची वेळ, ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय आणि रागानं तिच्या बोटात वाळकं पान करकर वाजतंय. राग आणि पानाचा आवाज, जमलंय असं वाटलं.

काल नळाला पाणी आलं तेव्हा शेजारच्या अक्का घागर घेऊन दारात उभ्या होत्या. चाळीस वर्षं विड्या वळल्यात त्यांनी. मी सहज म्हणून तो भाग वाचून दाखवला. ऐकत होत्या, मान हलवत होत्या, करकर आलं आणि थांबल्या.

"वाळकं पान कुठं वळतंय?"

म्हणलं म्हणजे?

"रात्री भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठिवायचं. वाळलं तर फुटतंय की. फुटलेली विडी छाटमधे जाती, चेकर पैसे देत नाही. तुझी बाई येडी हाय का, रागात हायतर काय झालं, नुकसान करून घेईल होय?"

मग म्हणाल्या, रागात असलं की उलट हात जोरात चालतोय, त्या दिवशी हजार लवकर होतेत. आणि घागर उचलून आत गेल्या.

करकर खोडलं. सहाशे शब्द गेले. आज पहाटे परत बसलो, आता तिचं भांडण झालंय आणि तिची हजार विडी चार वाजताच झालीय, आणि सूप बाजूला ठेवून ती बसलीय, करायला काही नाही, नवरा यायला अजून तीन तास.